आयत्या ब्राउझरची सत्ता

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, तेव्हा सगळी चर्चा टिकटॉकभोवती फिरली. त्याच यादीत यूसी ब्राउझर होता, त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१५-१६च्या सुमारास भारतात मोबाइलवरून होणाऱ्या वेबवापराचा निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या यूसीकडे होता. काही फोनांत तो आधीच भरलेला येई हे खरं, पण असंख्य लोकांनी तो मुद्दाम मागून, शोधून घेतलेला होता. बंदी आली तोवर त्याचा जोर ओसरला होता. तरीही जे कोट्यवधी लोक त्यावर उरले होते, ते गेले कुठे? त्यांतल्या फार थोड्यांनी नवा ब्राउझर शोधला. बाकीचे क्रोमवर गेले, कारण क्रोम फोनमध्ये आधीपासूनच बसलेला होता.

ब्राउझरच्या स्पर्धेबद्दल लिहिणारे बहुतेक जण ‘कोणता चांगला’ याची तुलना मांडतात. वेग किती, मेमरी किती खातो, कोणत्या सोयी आहेत. माझं म्हणणं असं की या स्पर्धेचा निकाल गुणांवर क्वचितच लागतो. फोन डब्यातून बाहेर आला तेव्हा पडद्यावर काय होतं, यावर तो लागतो. आणि दुसरं म्हणजे, ‘सामान्य माणसाला ब्राउझरशी काय देणंघेणं’ हे जे सर्रास म्हटलं जातं ते साफ खोटं आहे. मुंबईत हे खोटं ठरवायला मानखुर्दइतकी चांगली जागा नाही.

मानखुर्द महापालिकेच्या एम पूर्व विभागात येतं. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सगळ्या विभागांत तळाला हाच विभाग होता, निर्देशांक अवघा ०.०५. रेल्वेरुळांच्या कडेच्या झोपड्या हलवून वसवलेलं लल्लूभाई कंपाउंड इथलंच. महाराष्ट्र नगर, मंडाला, साठे नगर या वस्त्याही इथल्याच. या घरांतून लॅपटॉप क्वचित दिसेल, पण फोन आहे, आणि घरातला तोच एकमेव संगणक आहे. मुलीचा अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी, जालन्याच्या किंवा सोलापूरच्या गावी असलेल्या दोन एकरांचा सातबारा, सगळं त्या पाच-सहा इंचांच्या पडद्यावरच्या एका खिडकीतून होतं. अंधेरी-बीकेसीच्या कचेरीत ब्राउझर अडला तर माणूस शेजारच्या संगणकावर जातो. इथे अडला तर काम अडतं.

आणि याच वस्त्यांनी, सक्ती नसताना, एकदा मोठ्या प्रमाणावर ब्राउझर बदलून दाखवलेला आहे. जिओ येण्याआधीचे दिवस आठवा. एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, नेटवर्क टूजी, हातात बटणांचा नोकिया नाहीतर दोन-तीन हजारांचा अँड्रॉइड. त्या फोनवर साधं पान उघडायला मिनिट लागे आणि बॅलन्स डोळ्यांदेखत उतरे. नॉर्वेतल्या ऑपेरा कंपनीचा ऑपेरा मिनी आणि त्यामागोमाग यूसी यांनी यावर साधा तोडगा काढला. तुम्ही मागितलेलं पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथे चित्रं दाबून, फापटपसारा काढून त्याचा आकार लहान करायचा आणि मग फोनला पाठवायचं. पैसे वाचत, वेळ वाचे. यूसीत आणखी एक गोष्ट होती. लोकल बोगद्यात शिरली, रेंज गेली, तरी अर्ध्यावर तुटलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून उतरवावं लागत नसे, राहिलं तिथून पुढे चालू होई. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर मेमरी कार्डात गाणी भरून घेताना पोरं सोबत यूसीही टाकून घेत, मग ब्लूटूथने तो चाळभर पसरे. त्यासाठी ना जाहिरात लागली ना इंग्रजी. खिशाला लाभ दिसला तेव्हा त्यांनी तंत्रज्ञानाची पारख केली आणि फोनबरोबर आलेल्या आयत्या ब्राउझरला बाजूला सारलं.

या गोष्टीची काळी बाजूही सांगायला हवी. टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने २०१५ साली यूसीची तपासणी केली, तेव्हा वापरणाऱ्याची ओळख पटवणारी माहिती आणि त्याचे शोध पुरेशा संरक्षणाशिवाय बाहेर जात असल्याचं आढळलं. पान मधल्या सर्व्हरवरून आणायचं म्हटलं की तो सर्व्हर चालवणाऱ्याला तुम्ही काय वाचता ते दिसणारच. तेव्हा ब्राउझर बदलणं हे स्वतःहून पुण्यकर्म नाही. बदलून कुठे जातो हेही पाहावं लागतं. पण त्यातून ‘लोकांना कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्याने ठरवावं’ हा निष्कर्ष निघत नाही. लोकांना किंमत दिसत होती, धोका दिसत नव्हता, आणि तो त्यांच्या भाषेत कुणी सांगितलाही नव्हता.

मग ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पान दाबून लहान करण्याची गरजच संपली. बदलण्याचं कारण गेलं तसे लोक परत आयत्या ब्राउझरकडे सरकले. फोन बदलला की नवा फोन क्रोम घेऊनच येई. वर्षा-दोन वर्षांनी स्वस्त फोन बदलणाऱ्या वस्तीत हे सरकणं फार झपाट्याने होतं. जुन्या फोनमध्ये हौसेने टाकलेलं ॲप नव्यात कुणी पुन्हा टाकत नाही. आयत्या ब्राउझरला वापरणाऱ्याच्या नुसत्या विसरण्यावर जिंकता येतं, प्रतिस्पर्ध्याला मात्र प्रत्येक नव्या फोनबरोबर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

या विसरण्याची बाजारातली किंमत आता न्यायालयाच्या कागदोपत्री नोंदलेली आहे. अमेरिकेत गूगलवरच्या खटल्यात असं समोर आलं की आपलं शोधयंत्र ब्राउझरांत आणि फोनांत आयतं ठेवलं जावं यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले. तेव्हाच्या दराने सुमारे दोन लाख कोटी रुपये. लोक मनात आलं की सेटिंग बदलतात, असं ज्याला खरंच वाटतं तो एवढी रक्कम कशाला मोजेल? ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा निकाल दिला. पुढे सप्टेंबर २०२५मध्ये क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी मात्र त्यांनी फेटाळली, आणि आयत्या जागेसाठी पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही. या पैशाचा गुंता असा की क्रोमला खरा पर्याय देणाऱ्या फायरफॉक्सचा, म्हणजे मोझिलाचा, संसारही बव्हंशी गूगलकडून येणाऱ्या रकमेवरच चालतो.

आपल्याकडेही याचा निवाडा झाला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर क्रोमसह गूगलच्या ॲपचा अख्खा गठ्ठा घ्यावा लागतो, ही आयोगाची मुख्य हरकत होती. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही आदेश रद्द केले. आधीपासून भरलेली ॲप काढून टाकू द्यावीत, हा आदेश त्यांतलाच. फोन पहिल्यांदा सुरू करताना शोधयंत्र निवडू द्यावं, हा आदेश टिकला. बातम्या दंडाच्या आकड्याच्या झाल्या. मला त्या आकड्यापेक्षा रद्द झालेला आदेश मोठा वाटतो. दंड सरकारच्या तिजोरीत जातो. मंडाल्यातल्या बाईच्या फोनमधला क्रोम होता तिथेच राहतो, फार तर ‘अक्षम’ करता येतो, आणि ते कुठे करायचं हे तिला कुणी सांगत नाही.

‘क्रोम चांगला आहे, फुकट आहे, मग अडचण काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जुन्या अनुभवातून देता येतं, आणि तो अनुभव मराठी वाचकाने इतरांहून जास्त भोगलेला आहे. प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केपला हरवायला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजमध्येच बसवून दिला. १९९८ साली अमेरिकी सरकारने खटला भरला, पण तो निकाली निघेपर्यंत नेटस्केप संपलं होतं. ऑगस्ट २००१मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. सातवी कधी आली? ऑक्टोबर २००६मध्ये. स्पर्धक उरला नाही म्हटल्यावर पाच वर्षं जगातला सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर जवळपास जागच्या जागी उभा राहिला. फायरफॉक्स नोव्हेंबर २००४मध्ये आला, लोक तिकडे वळू लागले, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टला पुन्हा काम सुरू करावंसं वाटलं.

मराठीचं नुकसान याच काळातलं. विंडोज ९८ला देवनागरी युनिकोड धड दाखवता येत नव्हतं. एक्सपीतही त्यासाठी सीडी घालून वेगळी सोय चालू करावी लागे. म्हणून अनेक मराठी वृत्तपत्रांनी आपापले खासगी फाँट वापरले आणि ते वाचकाच्या संगणकावर आपोआप उतरावेत यासाठी एक्सप्लोररपुरतं चालणारं मायक्रोसॉफ्टचं तंत्र घेतलं. एक्सप्लोररमध्ये बातमी नीट दिसे. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी. ‘पद्म’ नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये बसवलं तर ते हा मजकूर युनिकोडमध्ये फिरवून वाचनीय करी, पण ते ठाऊक असणारे किती? शोधयंत्रांनाही तो मजकूर मराठी म्हणून ओळखता येत नव्हता. त्या काळात इंटरनेटवर चढलेलं कितीतरी मराठी लेखन आज शोधून सापडत नाही, यामागे हे एक मोठं कारण आहे. एका कंपनीच्या खिडकीच्या मापाने आपण आपली लिपी कापली. युनिकोडने आपल्याला त्यातून सोडवलं, कारण ते कुणा एकाचं नव्हतं.

आजची परिस्थिती तशीच नाही. क्रोम थांबलेला नाही, भराभर बदलतो. पण धोका दुसऱ्या दाराने येतो. ब्राउझरचं नाव वेगळं आणि आतलं इंजिन वेगळं. पान वाचून पडद्यावर मांडायचं खरं काम इंजिन करतं. ऑपेराने २०१३ साली स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२०मध्ये आपल्या एज ब्राउझरसाठी तेच केलं. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट आणि आपल्याकडच्या झोहो कंपनीचा उला, हे सगळे क्रोमियमवर, म्हणजे मुख्यतः गूगल जोपासत असलेल्या पायावर उभे आहेत. वेगळी इंजिनं उरली ती प्रामुख्याने दोन, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. क्रोम सोडून एजवर गेलेल्या माणसाला आपण बाजू बदलली असं वाटतं. त्याने दुकान बदललं, माल त्याच गिरणीतला. त्यात गैर काही नाही, पण स्पर्धा वाढली असं त्याला म्हणता येणार नाही.

इंजिन एकाच्या हाती असलं की काय होतं, याचा ताजा दाखला जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनांचा आहे. गूगलने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले आणि २०२४-२५मध्ये यूब्लॉक ओरिजिन हे सर्वांत परिणामकारक साधन क्रोममध्ये बंद पडत गेलं. मोबाइलवरच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शनांना कधी जागाच नव्हती. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये मात्र यूब्लॉक ओरिजिन आजही बसतं. स्वस्त फोनवर याचा अर्थ फार ठोस आहे. निकाल पाहायला पान उघडावं तर अर्धा पडदा जाहिरातींनी भरलेला, खऱ्या बटणाशेजारी तीन खोटी ‘डाउनलोड’ बटणं, आणि त्यांतलं एक दाबलं की फोनमध्ये नको ते शिरतं. ज्याची यातून फसवणूक झाली त्याला आपण ‘जपून वापरायला हवं होतं’ म्हणतो. त्याला जपण्याचं साधन कुठल्या ब्राउझरमध्ये मिळतं, हे आपण सांगत नाही.

मानखुर्द स्टेशनबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी हे सगळं एका टेबलावर पाहिलं. दुकानातला मुलगा विशीचा, समोर जुना विंडोज संगणक, बाजूला स्कॅनर, पडद्यावर क्रोम, एज आणि फायरफॉक्स ओळीने मांडलेले. लल्लूभाई कंपाउंडमधून आलेल्या एक बाई मुलीचा अर्ज घेऊन बसल्या होत्या. आदल्या रात्री घरी फोनवर त्यांनी तो भरायचा प्रयत्न केला होता, शेवटच्या पायरीवर पान गोल फिरत राहिलं. ‘साइट बंद होती बहुतेक,’ त्या म्हणाल्या. मुलाने क्रोममध्ये अर्ज भरला, ओटीपी टाकला, पान पुढे जाईना. ‘थांबा ताई, मोझिलात टाकून बघतो.’ पत्ता उचलला, फायरफॉक्समध्ये टाकला, पॉप-अपला परवानगी दिली, पावतीची खिडकी उघडली, प्रिंट आली. ‘हिचं असंच आहे,’ तो पोर्टलबद्दल म्हणाला, ‘ती दुसरी साइट आहे ना, ती उलट क्रोममध्येच चालते.’ कोणतं पोर्टल कशात उघडतं याची यादी त्याच्या डोक्यात पक्की आहे, आणि ती यादी हेच त्याच्या धंद्याचं भांडवल आहे. बाईंचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला होता. साइट बंद नव्हती. त्यांच्या फोनमध्ये दुसरी खिडकी नव्हती, आणि अशी दुसरी खिडकी असू शकते हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

याच वस्तीत काही वर्षांपूर्वी जिओफोन घरोघर होता. त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसवरून घडवलेली, म्हणजे आत गेको. २०१८ साली भारतात वापराच्या मोजणीत कायओएसने आयफोनच्या प्रणालीला मागे टाकलं होतं. एवढे लोक वेगळं इंजिन वापरत असूनही सार्वजनिक सेवांची पानं त्या फोनवर नीट चालतात का, याची फिकीर कुणी केल्याचं दिसलं नाही. त्यातलं इंजिन जुनं राहिलं, पानं मोडू लागली, आणि लोकांनी त्याला रामराम ठोकून अँड्रॉइड घेतला.

स्वदेशी ब्राउझरचा मार्गही सरकारने चोखाळला. २०२३मध्ये स्पर्धा जाहीर झाली, मार्च २०२५मध्ये झोहोच्या संघाला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. संकेतस्थळ खरं असल्याची ग्वाही देणाऱ्या भारतीय प्रमाणपत्र यंत्रणेवर ब्राउझरने विश्वास ठेवावा ही तिथली एक प्रमुख अट होती. ती समजण्यासारखी आहे. पण हा विश्वास परदेशी ब्राउझरांत का मिळत नाही, तेही बोललं पाहिजे. २०१४ साली एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं होतं. असा विश्वास नवा ब्राउझर काढून मिळत नाही. यंत्रणा चोख ठेवून तो कमवावा लागतो. उला चांगला असेल तर लोकांनी जरूर वापरावा. फक्त क्रोमियमवर उभा असलेला ब्राउझर म्हणजे परावलंबनातून सुटका, असा गाजावाजा करू नये.

मग करायचं काय? युरोपने दोनदा वाट दाखवली आहे. २०१०पासून विंडोजवर ब्राउझर निवडीचा पडदा आला, आणि मायक्रोसॉफ्टने तो मध्येच दाखवायचा सोडला तेव्हा २०१३मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड बसला. मार्च २०२४पासून तिथल्या फोनांवरही असा पडदा येतो, आणि छोट्या ब्राउझरांनी त्यानंतर वापरकर्ते वाढल्याचं सांगितलं आहे. आपल्याकडे शोधयंत्राची निवड मान्य झाली, ब्राउझरची नाही. ती स्पर्धा आयोगाने मागितली पाहिजे. फोन सुरू करताना, वापरणाऱ्याच्या भाषेत, प्रत्येक ब्राउझरबद्दल दोन साध्या ओळी लिहून. मराठी माणसाला मराठीत विचारलं तर तो विचार करून उत्तर देतो, हे टूजीच्या काळात सिद्ध झालेलं आहे.

दुसरी जबाबदारी राज्य सरकारची आहे, आणि तिला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. ज्या पोर्टलवर प्रवेश, अनुदान किंवा दाखला मिळतो, ते किमान तीन वेगळ्या इंजिनांवर आणि जुन्या, स्वस्त फोनवर चालून दाखवल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल मंजूर होऊ नये. त्यासाठी निविदेत एक अट वाढवावी लागेल, एवढंच.

आणि वाचकहो, आपल्या घरातल्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या, शेजारच्या आजोबांच्या फोनवर एक वेगळ्या इंजिनाचा ब्राउझर बसवून द्या. अँड्रॉइड असेल तर फायरफॉक्स घ्या, त्याचा तोंडवळा मराठीतही करता येतो. त्यात यूब्लॉक ओरिजिन घाला, सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ॲप्स उघडून ब्राउझर बदलायचा कसा ते त्यांच्याच बोटांनी करवून घ्या. क्रोम काढायची गरज नाही, दोन्ही असू द्या. एखादं सरकारी पोर्टल त्यात चाललं नाही तर ‘ब्राउझर खराब आहे’ म्हणून गप्प बसू नका. पडद्याचा फोटो काढा आणि त्या खात्याकडे लेखी तक्रार करा.